सिताराम सकपाळ यांची उडती बोट

जमिनीवर उतरणाऱ्या विमानांची सिताराम सकपाळांना कीव येई. नेरूळच्या आमच्या सोसायटीवरून एखादं जम्बो जेट घरघरत सांताक्रूझकडे निघालं की आम्ही सगळे माना वर करून बघत असू. सकपाळ मान खाली घालून तंबाखू मळत.

"एसटीला पंख लावलेत," ते म्हणत. "डांबर दिसल्याशिवाय उतरता येत नाही त्याला. पृथ्वीवर तीन हिस्से पाणी, एक हिस्सा जमीन. आणि हे लेकाचे त्या एका हिश्शातला डांबराचा तुकडा शोधत हिंडतात. याला अक्कल म्हणतात?"

मग ज्याच्याकडे बघून ते हे म्हणाले असतील त्याचं पुढलं दीड तासाचं आयुष्य संपलं असं समजावं. सकपाळ वयाने एकाहत्तर, वजनाने अठ्ठेचाळीस, अंगाने वाळत घातलेल्या बोंबलासारखे. तुर्भ्याच्या एका केमिकल कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. तिथे पाइप जोडले, पण रिटायर झाल्यावर ज्या गोष्टीबद्दल ते बोलत तिचा पाइपाशी काही संबंध नव्हता. ते बोलत फ्लाइंग बोटीबद्दल. दूधवाल्याशी बोलत, गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याशी बोलत, एक्क्याण्णवच्या जनगणनेला आलेल्या मास्तरांशी बोलले. ते मास्तर सकाळी दहाला सकपाळांच्या घरात शिरले आणि साडेबाराला बाहेर आले. घरात माणसं किती हा प्रश्न विचारायचा राहून गेला होता. तो त्यांनी खाली वॉचमनला विचारला.

गोष्टीचं मूळ चव्वेचाळीस सालातलं. महाडकडच्या गावातून पोटामागे निघालेले एकोणीस वर्षांचे सिताराम, पलटणीतल्या एका चुलत्याच्या ओळखीने थेट मद्रासजवळ जाऊन पोचले. तिथे रेड हिल्स नावाचा मोठा गोड्या पाण्याचा तलाव आहे, आणि लढाईच्या दिवसांत त्या तलावात गोऱ्यांची विमानं बदकांसारखी बांधून ठेवलेली असत. ही पाणविमानं. साध्या विमानाला खाली दोन होड्या बांधल्या की पाणविमान होतं असं आपल्याला वाटतं. सकपाळांना असं कोणी म्हटलेलं खपत नसे.

"ते वेगळं! त्याला पायात होड्या घातलेल्या असतात. पावसाळ्यात गमबूट घालतात तशा. फ्लाइंग बोटीचं पोटच बोटीचं. ती पोटावर बसते. आणि त्याच पोटात चाकं दुमडून ठेवली, म्हणजे जमिनीवर पण चालेल आणि पाण्यात पण, की झाली अँफिबियन. बेडूक! निसर्गात बेडूक आधी झाला, मग बाकीची जनावरं. विमानवाल्यांनी उलटं केलं."

ते खोटं नव्हतं हे आधी सांगून टाकतो. लढाईच्या अगोदर विलायतेहून निघालेल्या अशा बोटी कराचीला, मग राजस्थानात राजसमंदच्या तलावात, मग ग्वाल्हेरला उतरत उतरत कलकत्त्याला आणि पुढे जात. आत साहेबलोक खिडकीशी उभे राहून सिगारेटी ओढत. लढाईत ह्याच बोटी पाणबुड्या हुडकत वीस-वीस तास समुद्रावर घिरट्या घालत, बुडालेल्या जहाजांची माणसं पाण्यातून वेचून आणत. नाठाळ लाटेवर आपटून बसल्या की तळाचे रिव्हेट उडत आणि भोकांतून कारंजी सुरू होत. ती भोकं बुजवायला आत पेन्सिली ठेवलेल्या असत. खुपसायची आणि मोडायची. पेन्सिलीनं विमान दुरुस्त होतं हे ऐकून आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ड्रॉइंग मास्तरांना भरून आलं होतं. आणि मग लढाई संपली. लढाईच्या त्या सहा वर्षांत जगभर इतक्या धावपट्ट्या बांधून झाल्या होत्या की पाण्यावर उतरायची गरजच उरली नाही. राहिल्या त्या कॅनडात, जंगलं पेटली की तलावावरून घासत जाऊन पोटात पाणी भरून आगीवर ओततात तेवढ्या.

"लढाईनंच तिला मोठी केली आणि लढाईनंच मारली," सकपाळ म्हणत, आणि इथे त्यांचा आवाज दाटून येई. स्वतःचा थोरला भाऊ गेला तेव्हा तो इतका दाटला नव्हता, असं बायजाबाईंचं म्हणणं.

बायजाबाई म्हणजे सकपाळांची बायको. सत्तेचाळीस वर्षांचा संसार आणि सत्तेचाळीस वर्षं फ्लाइंग बोट. सवत परवडली असती असं त्या नळावर म्हणत, निदान ती कधी माहेरी तरी गेली असती.

आता लबाडीचा भाग. तलावावर सकपाळांचं काम होतं बोटीच्या तळात साचलेलं पाणी डबड्याने उपसायचं आणि उडायच्या आधी बाहेर यायचं. पण आमच्यापुढे सांगताना ते बाहेर येत नसत. ते आतच राहत आणि विमान उडे. चौदा तास बंगालच्या उपसागरावर. खाली देवमासे. गोरा कॅप्टन मागे वळून म्हणतो, "सिताराम, टी!" हा चौदा तासांचा प्रवास दरवर्षी थोडा लांबत असे. मी राहायला आलो तेव्हा तो नऊ तासांचा होता.

याला विरोध करणारा सोसायटीत एकच मर्द होता. चेअरमन भैरू साळुंखे. पाटण तालुक्यातला गडी, आधी मशीद बंदरला आणि मग तुर्भ्याच्या मार्केटात पस्तीस वर्षं कांद्याबटाट्याच्या गोणी वाहिलेला. मानेचा घेर सकपाळांच्या कमरेएवढा.

"सकपाळ, मला येक सांगा," भैरूनाना जिन्यात गाठून विचारत. "पन्नास किलोची गोन पाण्यात टाकली तर काय हुईल?"

"बुडेल."

"आन् तुमचं इमान किती किलोचं?"

"तेरा-चौदा टनाचं."

"मग!" म्हणून भैरूनाना पायऱ्या उतरून जात. सायन्स संपलं.

"आणि जहाज कसं तरंगतं हो?" सकपाळ वरून ओरडत.

"जहाजाला पंख न्हाईत!" खालून उत्तर येई.

यापेक्षा वरच्या पातळीवर तो वाद पाच वर्षांत कधी गेला नाही.

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर पेपरात जाहिरात आली. त्या काळात ज्याच्यापाशी दोन पैसे आणि एक टाय होता तो विमान कंपनी काढत होता. कोणी एक 'जलगरुड एअरवेज' नावाची कंपनी निघाली होती. बेलापूर ते मुंबई सात मिनिटांत, बेलापूर ते मोरा तीन मिनिटांत. पाण्यावरून उडणार, पाण्यावर उतरणार. उरणच्या कोळणी मोऱ्याहून विमानात टोपल्या घेऊन बसतील असं चित्रच छापलं होतं. कोळणीला गोऱ्या मडमेचा चेहरा. पहिलं प्रात्यक्षिक लवकरच बेलापूरच्या खाडीत.

सकपाळांनी तो पेपर सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावला. पाणीपट्टीच्या नोटिशीवर. मग निळा कोट चढवला आणि कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथे शिवतेज नावाचा मॅनेजर बसला होता. वय सव्वीस, पांढरे बूट, हातात विटेएवढा मोबाइल, जो त्या काळी आलेला फोन घ्यायलाही पैसे खात असे. त्यामुळे शिवतेज तो नुसता धरून बसे. या मुलाने आयुष्यात पाणविमान पाहिलं नव्हतं. कंपनीच्या मालकांनीही नव्हतं, त्यांचा मूळ धंदा दिल्लीकडे मार्बलचा. अशा ठिकाणी सकपाळ शिरले आणि अडीच तासांनी बाहेर आले ते मानद सल्लागार होऊन. मानद म्हणजे काय, तर एक टोपी आणि चहा. टोपीवर गरुड होता, पण शिवणाऱ्याचा हात असा की तो बगळा वाटे.

त्या संध्याकाळी सोसायटीची मीटिंग होती. विषय गच्चीच्या गळतीचा. सकपाळ टोपी घालून उभे राहिले.

"सभासदहो! पाच वर्षं तुम्ही मला थापाड्या म्हणता. आता तुमच्या डोळ्यांदेखत विमान पाण्यावर बसेल. नाही बसलं, तर हा सिताराम सकपाळ या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही. मरेपर्यंत."

इतकी चांगली बातमी सोसायटीला पाण्याचं कनेक्शन मिळाल्यापासून आली नव्हती. भैरूनाना पटकन म्हणाले, "लिवून घ्या! सेक्रेटरी, मिनिटांत लिवून घ्या!" सेक्रेटरी राजेश्वरीबाईंनी लिहून घेतलं. गळती तशीच राहिली.

मागच्या रांगेत बायजाबाई बसल्या होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि शेजारणीला हळूच म्हणाल्या, "बसू नये गं बाय ते इमान."

थोडक्यात, सकपाळ हरावेत म्हणून सगळी इमारत देव पाण्यात घालून बसली होती. आणि सकपाळांचं काय पणाला लागलं होतं? त्यांचं तोंड. दुसरं होतं काय त्यांच्याकडे?

मग जागेची पाहणी झाली. दुपारी बाराचा सुमार, त्रिपुरी पौर्णिमा, बेलापूरची खाडी काठोकाठ भरलेली, वर ऊन चमकत होतं. आम्ही तिघं-चौघं मागे मागे गेलो होतो. सकपाळांनी हात डोळ्यांवर धरून पाणी न्याहाळलं. "फर्स्ट क्लास. रेड हिल्सपेक्षा जास्त रुंदी. खुणेचा तरंगता बॉया तिथे टाका. जाळी काढायला सांगा. पतंग बंद करा." शिवतेज लिहून घेत होता. कोणी काही सांगितलं की तो लिहून घेई, हीच त्याची हुशारी.

"आणि मुहूर्त काढलाय गुरुजींनी," शिवतेज म्हणाला आणि त्याने सोनेरी कार्ड पुढे केलं. "कार्तिक वद्य अष्टमी, दुपारी बारा सोळा. अभिजित."

सकपाळांचा चेहरा आंबट झाला. छप्पन्न साली त्यांनी जे सोडलं ते कायमचं सोडलं होतं. घरात पंचांग नाही, कॅलेंडरवरसुद्धा ते फक्त इंग्रजी आकडे बघत. "तिथीबिथी मला सांगू नका. विमान मुहूर्तावर उडत नाही, पेट्रोलवर उडतं. तारीख सांगा."

"तीन डिसेंबर."

"हां. असं बोला." तारीख त्यांनी तळहातावर लिहून घेतली.

काठावर दिवाळे गावातली एक बाई टोपली रिकामी करत बसली होती. साठीची, काळी कुळकुळीत, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. राहीबाई तिचं नाव. "कवा येनार हाय इमान?" तिने विचारलं. शिवतेजने मोठ्या कौतुकाने कार्ड वाचून दाखवलं.

राहीबाईने अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. मग ती हसायला लागली. टोपली बाजूला ठेवून हसली.

"आठमीला? दुपारच्या बाराला? या हां, नक्की या! आमी पन हावच तवा इथं. निवट्या धराया."

"बाई, हे टेक्निकल काम आहे," सकपाळ कडक आवाजात म्हणाले. "मासळीबिसळीचं नाही."

"बरं बाबा. तुजा टेक्निकल तुला," ती म्हणाली आणि पुन्हा हसली.

निवटी हा चिखलात उड्या मारणारा मासा. पाण्यात त्याला कोणी धरत नाही, तो धरतात खाडी उघडी पडल्यावर, गुडघाभर चिखलात हात घालून. पण आम्ही शहाणी माणसं. आम्हाला वाटलं, बाईला विमानाचा आनंद झाला.

तीन डिसेंबरला काय थाट होता! मंडप, बँड, सुवासिनी, एक माननीय पाहुणे, त्यांचे सात माननीय चमचे. सोसायटीतून आम्ही बस करून गेलो होतो. सकपाळांचा पराभव बघायला घरटी दोन माणसं, डबे घेऊन. बायजाबाई नवं पातळ नेसून पहिल्या रांगेत. सकपाळ कोट-टोपीत मालकांच्या शेजारी.

दहा वाजता खाडी बरी होती. अकरा वाजता ती जरा लांब गेल्यासारखी वाटली. साडेअकराला शिवतेज धक्क्याच्या टोकाशी जाऊन खाली वाकला आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने परत आला.

"काका, पाणी कुठे गेलं?"

सकपाळ उठले. समोर, जिथे पौर्णिमेला चमचम होती, तिथे अर्धा मैल काळाभोर चिखल पसरला होता. त्यात कंपनीचा लाल बॉया आडवा पडला होता, लग्नात दारू प्यायलेल्या मामासारखा. पार मधे खाडीच्या नाळेत, खोल भागात, पाण्याचा एक पट्टा तेवढा उरला होता. आणि चिखलात दहा-बारा बायका टोपल्या घेऊन वाकल्या होत्या. त्यांतल्या एकीने सरळ होऊन हात हलवला. राहीबाईच.

"तलावात असं होत नव्हतं," सकपाळ पुटपुटले.

नाहीच होणार. तलावाला भरती-ओहोटी नसते. चौदा तास उपसागरावर उडालेल्या माणसाला समुद्राची ही एक सवय कळलेली नव्हती. आणि ज्या तिथीवर सगळं लिहिलेलं होतं ती गुरुजींनी फक्त शुभ आहे का एवढीच पाहिली, सकपाळांनी ती मानत नाही म्हणून पाहिलीच नाही, आणि आम्ही बाकीच्यांनी बँडवाले कुठून आणलेत ते पाहिलं. दिवाळ्याच्या कोणत्याही बाईला विचारलं असतं तर तिने पेरांवर सांगितलं असतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. अष्टमीला आठाची पाऊणपट, सहा. सहाला भरती म्हणजे बाराला ओहोटी. मोऱ्याला लाँचने जाणारं शेंबडं पोरही हे जाणतं. पण शेंबड्या पोराला मानद सल्लागार कोण करतो?

"रद्द करा!" मालक ओरडले. शिवतेजने मोबाइल कानाला लावला. तो पहिल्यांदाच वापरत होता, लागला नाही.

आणि बरोबर बारा सोळाला, अभिजित मुहूर्तावर, विमान आलं.

दोन इंजिनांचं, लठ्ठ पोटाचं, पांढऱ्या रंगाचं, सकपाळांपेक्षा वीसेक वर्षांनी तरुण. जुहूवरून चाकांवर धावत उडालेलं. त्याने एक घिरटी घातली. दुसरी घातली. बँडवाल्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. भैरूनाना म्हणाले, "चाललं बगा माघारी. गेलं, गेलं..." तिसऱ्या घिरटीला ते खाली खाली आलं, नाळेतल्या पट्ट्यावर त्याचं पोट टेकलं, आणि दोन्ही बाजूंनी पाण्याचे पांढरे पंखे उडाले.

बँड थांबला. खरंच बसलं होतं हो. पाण्यावर. बदकासारखं.

"बसलं!" सकपाळ किंचाळले. "बसलं की नाही? बसलं की नाही?"

तेवढ्यात विमान धक्क्याकडे वळायला गेलं, नाळ सोडून कडेला आलं, आणि चिखलात घुसून एका बाजूला कलंडून राहिलं.

भैरूनानांनी बोट दाखवलं. "चिखलात बसलं. मिनिटांत पाणी लिवलंय. चिखल म्हंजे पाणी न्हवं."

"आधी पाण्यावर बसलं!"

"बसलं आन् घसरलं. घसरल्यालं धरत न्हाईत."

माननीय पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं आणि ते गेले. सात चमचे गेले. बँड गेला. मालकांना प्रश्न पडला की वैमानिकापर्यंत जायचं कसं. त्याला निरोप द्यायचा होता, जेवण द्यायचं होतं, आणि मुख्य म्हणजे हार घालायचा होता, कारण हार आणला होता. होडी चिखलात चालत नव्हती, माणूस कमरेपर्यंत रुतत होता. शिवतेजने आपल्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं.

राहीबाई धक्क्याखाली आली. तिच्याजवळ चिखलावरून सरकायची फळी होती. एक गुडघा फळीवर टेकायचा, दुसऱ्या पायाने चिखल मागे ढकलायचा. "येक मानूस नेतंय मी. पन जाडा नको."

"मी जातो," सकपाळ म्हणाले. "मी सल्लागार आहे."

"वजन किती तुजा?"

"अठ्ठेचाळीस."

"टोपलीतलाच हाय," राहीबाई म्हणाली.

"अहो, कुठे चाललात या वयात?" बायजाबाई उठल्या. सकपाळांनी चपला काढून त्यांच्या हातात दिल्या, गळ्यात वैमानिकाचा हार अडकवला, काखेत डबा मारला आणि फळीवर ओणवे बसले. मग ती बाई त्यांना घेऊन चिखलावरून निघाली. झेंडूचा हार घातलेला, टोपीवर बगळा असलेला एक निळा कोट अर्धा मैल घसरत गेला. लांबून वाटत होतं, कोणाचं तरी विसर्जन आहे आणि पाणी आणायला विसरलेत.

विमानाचं दार उघडलं. सकपाळ आत ओढले गेले. दार बंद झालं.

मंडप उतरवला गेला. आमची बस परत जायला निघाली, तसे लोक घाईने चढले. सकपाळ जिंकले की हरले ते उद्या ठरवू म्हणाले. धक्क्यावर राहिलो बायजाबाई, मी आणि भैरूनाना. भैरूनाना म्हणे निकाल लागल्याशिवाय हलणार नव्हते. खरं म्हणजे त्यांना ते विमान बघायचं होतं. तीन तास ते त्याच्यावरून डोळे काढत नव्हते, पण विचारलं की म्हणत, "काय ठेवलंय त्यात."

साडेतीनच्या सुमाराला पाणी परतायला लागलं आणि राहीबाई परत आली. फळी रिकामी.

"आमचे कुठे?" बायजाबाईंनी विचारलं.

"म्हातारा नाय येत. बसलाय आत खिडकीशी. पायलटाचा जेवन झाला, दोगं चा प्यालं. मी बोलली, चल बाबा, भरती आली. तर हात जोडले मला. बोलला, बाई, जन्मात पह्यल्यांदा बसतोय, मला उठवू नको."

भैरूनानांची मान वळली. एवढी मोठी मान, तिला वळायला वेळ लागला.

"पह्यल्यांदा? पह्यल्यांदा म्हनला?"

"हां. रडत व्हता जरासा."

"आन् ते चौदा तास? आन् ते देवमासं? आन् ते 'सिताराम, टी'?" भैरूनाना उभेच राहिले. "वहिनी, ऐकलं का? थापा! पाच वर्षं थापा! आता मिनिटांत लिवतो!"

"सत्तेचाळीस वर्षं," बायजाबाई शांतपणे म्हणाल्या. "लग्नानंतर आठ दिवसांत मला ठाव झालं. त्यांचा चुलता बोलला होता, की पाणी उपसायला ठेवलाय, उडवतोय कोण त्याला. मी कदी बोलले का? भांडले, पण ते बोलले नाय. तुमाला काय एवढं लागलं हो? तुमच्या गोणीतला कांदा गेला का?"

भैरूनाना खाली बसले.

पाच वाजायच्या आत विमान हळूहळू सरळ झालं. पाणी त्याच्या पोटाखाली शिरलं, पंखांखालचे तरंगे उचलले गेले. इंजिनं खोकली आणि सुरू झाली. ते नाळेत आलं, वळलं, आणि धावायला लागलं. मागे पांढरी शेपटी. राहीबाईसुद्धा टोपली डोक्यावरून खाली घेऊन बघत राहिली. शेपटी तुटली. विमान आमच्या डोक्यावरून गेलं, एकदाच, आणि उन्हात जुहूकडे दिसेनासं झालं.

मग बायजाबाई म्हणाल्या, "चपला माझ्याकडेच राहिल्या की हो. आता जुहूवरनं अनवाणी येतील."

आलेही तसेच. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी सोसायटी त्यांच्या दारात. राजेश्वरीबाई मिनिटांचं रजिस्टर घेऊन, भैरूनाना पुढे. पायलट कसा होता? वरून बेलापूर कसं दिसतं? कितीवर उडालं?

सकपाळ खाटेवर बसले होते. म्हणाले, "आवाज फार होतो."

"आन्?"

"आणि... नाही, बस. आवाज होतो."

त्यापुढे एक शब्द नाही. न केलेल्या उड्डाणाबद्दल ज्याने सत्तेचाळीस वर्षं पुराण सांगितलं, त्याला केलेल्या उड्डाणाबद्दल सांगायला चार शब्दही मिळेनात. पैज हरले की जिंकले याचा निकाल लावायची गरजच राहिली नाही. वरून जम्बो जेट गेलं, सकपाळ तंबाखू मळत राहिले, काही म्हणाले नाहीत. दूधवाला वेळेवर येऊन वेळेवर जायला लागला. सोसायटीला हवी होती ती शांतता मिळाली, आणि चार दिवसांत तिचा सगळ्यांना कंटाळा आला. भैरूनाना तर जिन्यात मुद्दाम थांबून विचारत, "सकपाळ, गोन बुडती ना हो?" आणि सकपाळ "हो" म्हणून वर जात. भैरूनाना मग दिवसभर चिडलेले.

जलगरुडचं ऑफिस महिनाभरात बंद झालं. तिथे आता झेरॉक्सचं दुकान आहे, ते चालतं.

पण त्याआधीची गोष्ट सांगतो. उडाल्याला नऊ दिवस झाले असतील. नळावर बायजाबाई भांडी घासत होत्या आणि भोवती बायका होत्या.

"...तर आमच्यांनी पायलटाला सांगितलं, जरा इकडून घे, आमची मंडळी उभी हाय. तसं त्याने तीन घिरट्या घेतल्या बरं का धक्क्यावर. तीन. आणि हे खिडकीतनं हात हालवतात. मग पायलट बोलला, सकपाळ, तुमी जरा धरा हँडल, मी बिडी ओढतो..."

वरच्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली.

"तीन नव्हे, एक!" सकपाळ गरजले. "आणि खिडकी उघडत नसते! हवेचा दाब असतो! तू काय सांगतेस लोकांना? थांब, मी येतो खाली."

जिन्यात भैरूनाना उभे होते. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली, आणि मग, कोणी बघत नाही असं पाहून, त्यांच्या मागोमाग खाली उतरले.